गरोदर नसलेल्या स्त्रीचा हिशेब कोण देणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी १ डिसेंबरच्या, म्हणजे जागतिक एड्स दिनाच्या, आसपास एचआयव्हीविषयी सरकारी प्रसिद्धिपत्रके येतात. देश कुठलाही असो, त्यांतला महिलांविषयीचा परिच्छेद साधारण एकाच साच्याचा असतो : इतक्या गरोदर मातांची चाचणी, इतक्यांना औषधोपचार, इतकी बाळे संसर्गमुक्त. हे काम मोठे आहे आणि त्याला कमी लेखण्याचे कारण नाही. काहीच उपाय केला नाही तर आईकडून बाळाला संसर्ग होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. औषधे वेळेवर आणि सलग मिळाली तर स्तनपान चालू असूनही ती ५ टक्क्यांच्या खाली येते. पण हा हिशेब बाळाचा आहे. स्त्री त्यात येते ती नऊ महिने आणि फार तर बाळाचे दूध तुटेपर्यंत. तिचे वय सतरा असेल किंवा पंचावन्न असेल, तिला मूल नकोच असेल, संसर्ग कळल्यावर सासरच्यांनी तिला घराबाहेर काढले असेल, तर ती कोणत्या रकान्यात बसते हा प्रश्न पत्रकार परिषदेत कुणी विचारत नाही.

यूएनएड्स या संयुक्त राष्ट्रांच्या एचआयव्ही-एड्सविषयक कार्यक्रमाच्या अंदाजानुसार २०२४ च्या अखेरीस जगात ४ कोटी ८ लाख लोक एचआयव्हीसह जगत होते आणि त्यांत ५३ टक्के स्त्रिया व मुली होत्या. १५ ते २४ या वयोगटातल्या सुमारे ४,००० मुलींना दर आठवड्याला नव्याने संसर्ग होतो. त्यांतल्या ३,३०० सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत. गरोदर राहून दवाखान्याची पायरी चढल्यावरच या मुलींची पहिली गाठ सरकारी यंत्रणेशी पडणार असेल, तर प्रतिबंधाची वेळ केव्हाच टळलेली असते.

आमचे म्हणणे असे की, ‘महिलांसाठी सरकारने काय केले’ हा प्रश्नच विचारू नये. त्याचे उत्तर म्हणून भाषण मिळते. ज्याचे उत्तर एका आकड्यातच द्यावे लागेल असा प्रश्न विचारावा, आणि तो आकडा कशाने भागून काढला हे लगेच विचारावे.

खरी मेख या भागाकारातच असते. समजा, एखाद्या भागात वर्षभरात अंदाजे १०० एचआयव्हीबाधित स्त्रिया गरोदर राहिल्या. त्यांतल्या ६० जणींची नोंद प्रसूतिपूर्व तपासणीत झाली आणि ५७ जणींना औषध सुरू झाले. अहवाल म्हणेल ९५ टक्के, कारण त्याने ६० ने भागले. अंदाजित १०० ने भागले तर ते ५७ टक्के होतात. दोन्ही आकडे खरे आहेत, पण नोंदच न झालेल्या ४० जणी पहिल्या आकड्यात दिसत नाहीत. पुढे या ५७ जणींपैकी बारा महिन्यांनी किती जणी औषध घेत होत्या, हा त्याहून अडचणीचा आकडा. मलावीने २०११ पासून प्रत्येक बाधित गरोदर स्त्रीला कायमस्वरूपी औषधे सुरू केली. निर्णय योग्य होता आणि पुढे तो जगभर गेला. पण तिथल्याच नोंदी तपासल्यावर दिसले की, केवळ गरोदर म्हणून औषध सुरू झालेल्या स्त्रिया पहिल्या भेटीनंतर परत न येण्याचे प्रमाण, स्वतःच्या आजारासाठी औषध सुरू झालेल्या स्त्रियांच्या पाचपट होते. याचे कारण समजण्यासारखे आहे. सकाळी चाचणी, दुपारी निदान, संध्याकाळी हातात गोळ्यांची बाटली. घरी कुणाला सांगायचे, ती बाटली ठेवायची कुठे, याचा विचार करायला तिला सवड कुठे मिळाली? अशी स्त्री ‘उपचार सुरू केलेल्यां’च्या यादीत कायम राहते आणि ‘पाठपुरावा सुटलेल्यां’च्या यादीत यायला तिला कैक महिने लागतात.

गरोदरपणातली पहिली चाचणी निगेटिव्ह आली की नाव त्या वहीतून बाजूला पडते, हाही एक खड्डा. संसर्ग गरोदरपणातच किंवा स्तनपानाच्या काळात झाला तर त्या वेळी रक्तातले विषाणूंचे प्रमाण सर्वांत जास्त असते आणि बाळाचा धोकाही तेव्हाच सर्वांत मोठा असतो. म्हणून जिथे संसर्गाचे प्रमाण जास्त आहे तिथे शेवटच्या तिमाहीत पुन्हा चाचणी करायची असते. तेव्हा ‘किती गरोदर स्त्रियांची चाचणी झाली’ याबरोबर ‘किती जणींची दुसऱ्यांदा झाली’ हे विचारावे. उत्तराची वाट पाहावी लागेल.

वयाचेही तसेच. घरोघरच्या अनेक मोठ्या पाहण्यांमध्ये स्त्रियांना १५ ते ४९ या वयातच प्रश्न विचारले जातात, म्हणजे प्रजननाचे वय संपले की आकडेवारीतले आयुष्यही संपले. औषधांमुळे आज लाखो बाधित स्त्रिया साठीकडे पोहोचल्या आहेत. रजोनिवृत्ती, हाडांची झीज, रक्तदाब हे सारे त्यांना आहे, आणि त्यांच्यासाठी ना वेगळा रकाना ना वेगळी तपासणी. ट्रान्स स्त्रियांना तर बरीच वर्षे पुरुषांच्याच एका गटात मोजले गेले. अजूनही अनेक देशांत त्यांची वेगळी आकडेवारी मिळत नाही.

स्त्रीकडे फक्त होऊ घातलेली आई म्हणून पाहिले की काय होते, याचे सर्वांत ठळक उदाहरण डोल्युटेग्राविर या एचआयव्हीवरच्या गोळीचे. जुन्या एफाव्हिरेन्झपेक्षा ती सोसायला सोपी, विषाणूंचे प्रमाण लवकर खाली आणणारी आणि प्रतिरोध सहजी निर्माण होऊ न देणारी. मे २०१८ मध्ये बोट्स्वानातल्या एका अभ्यासातून धोक्याची सूचना आली : गर्भधारणेच्या वेळी ही गोळी घेत असलेल्या ४२६ स्त्रियांच्या बाळांपैकी चौघांत मेंदू व मज्जारज्जूच्या वाढीतला दोष. जागतिक आरोग्य संघटनेने सावधगिरीचा इशारा दिला, तो देणे भागच होते. पण त्या इशाऱ्याचे काही सरकारांनी जे केले त्याला सावधगिरी म्हणता येणार नाही. कुठे सगळ्याच प्रजननक्षम वयातल्या स्त्रियांना ती गोळी बंद, तर कुठे गर्भनिरोधक घेत असल्याचा पुरावा दाखवला तरच मिळणार. पुरुषांना मात्र नवे औषध सुरू झाले. ज्या स्त्रीला मूल नको आहे, जिची शस्त्रक्रिया झाली आहे, जिला धोका समजून घेऊन स्वतः ठरवायचे आहे, तिला कुणी विचारले नाही. जुलै २०१८ मध्ये आफ्रिकेतल्या एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रिया किगालीत जमल्या आणि त्यांनी स्पष्ट मागणी केली की, माहिती आम्हाला द्या, निवड आम्ही करू. वर्षभरात त्याच अभ्यासातली संख्या वाढली तसे प्रमाण खाली आले : १,६८३ बाळंतपणांत पाच. जुलै २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही गोळी सर्वांसाठी पहिल्या पसंतीची म्हणून सांगितली. मधल्या काळात किती स्त्रियांना कमी दर्जाचे औषध दिले गेले, याचा हिशेब कुठल्या सरकारने जाहीर केल्याचे आमच्या वाचनात नाही.

आणि गंमत अशी की, गर्भनिरोधकाची अट घालणाऱ्यांना स्वतःच्याच दुसऱ्या विभागाचे भान नव्हते. एफाव्हिरेन्झ घेणाऱ्या स्त्रीच्या दंडात संप्रेरकाचे गर्भनिरोधक इम्प्लांट बसवले तर त्या संप्रेरकाची रक्तातली पातळी घसरते आणि नको असताना गर्भ राहू शकतो. क्षयाच्या रिफाम्पिसिननेही हेच होते. एचआयव्हीची औषधे खरेदी करणारा विभाग वेगळा, कुटुंब नियोजनाचा वेगळा, क्षयाचा तिसरा. आणि तिन्हींची औषधे एकाच बाईच्या शरीरात जाणार. आपल्या राज्यात एआरटी केंद्रातच, म्हणजे एचआयव्हीची औषधे मिळतात तिथेच, गर्भनिरोधके मिळतात का, आणि कोणती मिळतात, हा एका ओळीचा प्रश्न आरोग्यमंत्र्यांना विचारून पाहावा.

लैंगिक अत्याचारानंतरच्या प्रतिबंधक उपचारात बहुतेक व्यवस्था उघडी पडते. संसर्ग टाळणारी औषधे शक्य तितक्या लवकर, आणि काही झाले तरी ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात आणि २८ दिवस घ्यावी लागतात. तातडीच्या गर्भनिरोधकाची मुदत १२० तासांची. नियम अनेक देशांच्या कागदावर आहे. प्रत्यक्षात औषधाचे कपाट रात्री कुलूपबंद असते आणि किल्ली सकाळी येणाऱ्या माणसाकडे. कुठे आधी पोलिसांचा कागद मागतात, वास्तविक उपचारासाठी तक्रार नोंदवण्याची अट असता कामा नये. कुठे तीन किंवा सात दिवसांच्याच गोळ्या देतात आणि उरलेल्यांसाठी परत बोलावतात. ज्या बाईला त्या इमारतीत पुन्हा पाऊल टाकायचे नाही ती येत नाही, आणि उपचार अर्धवट राहतो. म्हणूनच पहिल्याच भेटीत पूर्ण २८ दिवसांच्या गोळ्या द्याव्यात असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. इथे सरकारकडून चार आकडे मागावेत : अत्याचारानंतर किती जणी आल्या, त्यांतल्या ७२ तासांत किती, पहिली गोळी किती जणींना मिळाली, आणि २८ दिवस किती जणींनी पूर्ण केले. बहुतेक ठिकाणी पहिले दोन आकडे गृहखात्याकडे आणि पुढचे दोन आरोग्यखात्याकडे असतात, आणि ते एका कागदावर कधी येतच नाहीत.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे दुखणे वेगळे आहे. एचआयव्ही असलेल्या स्त्रीला त्याचा धोका इतर स्त्रियांच्या सहापट. म्हणून तिची तपासणी २५ व्या वर्षापासून, हा कर्करोग ज्याच्यामुळे होतो त्या एचपीव्ही विषाणूची डीएनए चाचणी वापरून दर तीन ते पाच वर्षांनी व्हावी, असे २०२१ पासूनचे मार्गदर्शन आहे. इतर स्त्रियांसाठी ही सुरुवात तिशीत होते. नमुना स्त्री स्वतःही घेऊ शकते, म्हणजे तपासणीच्या टेबलावर झोपण्याचा संकोच टळतो. क्षयाच्या निदानासाठी जी काडतूस-पद्धतीची यंत्रे अनेक रुग्णालयांत आधीच बसवलेली आहेत, त्यांवर ही चाचणीही करता येते. फक्त वेगळे काडतूस विकत घ्यावे लागते आणि क्षय विभागाने यंत्राचे तास वाटून द्यायला हवेत. घोडे पेंड खाते ते इथेच. त्याऐवजी शिबिरे होतात, फोटो निघतात, ‘अमुक हजार महिलांची तपासणी’ अशी बातमी येते. तपासणीत दोष आढळलेल्या किती जणींवर उपचार झाले, हा आकडा बातमीत नसतो. सुरुवातीचे बदल असतील तर उष्णतेने ती जागा जाळण्याचा उपचार मिनिटाभराचा असतो आणि तपासणीच्याच दिवशी करता येतो. अहवाल तीन आठवड्यांनी आणि उपचार दुसऱ्या गावी, अशी रचना केली की मधल्या मध्ये बायका गळतात. उपचाराविना केलेली तपासणी ही त्या बाईची फसवणूक आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

प्रतिबंधाच्या साधनांत गेल्या काही वर्षांत खरी प्रगती झाली. रोजच्या प्रतिबंधक गोळीबाबत स्त्रियांना एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते : पुरुषांसाठी संबंधाच्या आगेमागे घ्यायची गोळ्यांची जी पद्धत आहे ती त्यांना लागू नाही. योनीच्या पेशींत औषध पुरेसे साचायला रोज गोळी घ्यावी लागते आणि सुरुवातीचे सात दिवस संरक्षण गृहीत धरता येत नाही. डॅपिव्हिरिनची सिलिकॉनची कडी योनीत २८ दिवस राहते आणि कुणाला दिसत नाही. कॅबोटेग्राविरचे इंजेक्शन दोन महिन्यांनी. लेनाकापाविर सहा महिन्यांनी. दक्षिण आफ्रिका व युगांडातल्या चाचणीत ते घेतलेल्या २,१३४ मुली व तरुण स्त्रियांपैकी एकीलाही संसर्ग झाला नाही. २०२४ मध्ये हे निष्कर्ष आले आणि जुलै २०२५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याची शिफारस केली. जोडीदाराला कंडोम वापरायला लावण्याची ताकद जिच्याकडे नाही तिच्या दृष्टीने वर्षाला दोन इंजेक्शनांचे मोल वेगळे सांगायला नको. पण अमेरिकेच्या मदतीतून त्याचे वाटप ठरले तेव्हा भर पुन्हा गरोदर आणि स्तनपान देणाऱ्या स्त्रियांवरच आला. आपापल्या सरकारला विचारण्याचा प्रश्न असा की, यादीत साधने किती आहेत, आणि त्यांपैकी खरोखर खरेदी किती झाली. मार्गदर्शक पुस्तिकेत चार आणि भांडारात एक, अशी परिस्थिती नेहमीची.

संमतीचा विषय न्यायालयांनी बऱ्यापैकी स्पष्ट केला आहे. नामिबियाच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१४ मध्ये तीन एचआयव्हीबाधित स्त्रियांच्या बाजूने निकाल दिला. प्रसूतीच्या कळांमध्ये घेतलेली नसबंदीची सही म्हणजे संमती नव्हे. चिलीच्या राष्ट्राध्यक्षांनी मे २०२२ मध्ये अशाच एका स्त्रीची राज्याच्या वतीने जाहीर माफी मागितली. तिची नसबंदी २००२ मध्ये सिझेरियनच्या वेळी, न विचारता झाली होती. म्हणजे एका वाक्याच्या माफीला वीस वर्षे. भारतात २०१७ च्या एचआयव्ही व एड्स प्रतिबंध कायद्याने संमतीविना चाचणी, तसेच गरोदर बाधित स्त्रीची संमतीविना नसबंदी वा गर्भपात करण्यास मनाई केली आहे. हिंसा होण्याची किंवा घराबाहेर काढले जाण्याची भीती असेल तर तिच्या जोडीदाराला डॉक्टरांनी कळवू नये, अशीही तरतूद आहे. तक्रारीसाठी राज्यांनी लोकपाल नेमायचे आहेत. कायदा उत्तम. मग विचारावे ते हे : लोकपालाचे नाव व पत्ता प्रत्येक एआरटी केंद्राच्या भिंतीवर आहे का, वर्षभरात किती तक्रारी आल्या, त्यांत स्त्रियांच्या किती? शून्य तक्रारी हा आकडा आला तर खूश होऊ नये. तक्रार कुठे करायची हे कुणाला ठाऊक नाही, असाच त्याचा अर्थ बहुधा असतो.

पैशाबद्दल थोडक्यात. अंदाजपत्रकातली तरतूद वाचून बातमी करू नये. अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च हे तीन आकडे शेजारी शेजारी मांडावेत, तेही स्त्रियांसाठीच्या कामांचे वेगळे. पोस्टर आणि कार्यशाळा यांचा खर्च ‘महिला सक्षमीकरण’ या शीर्षाखाली दाखवण्याची जुनी खोड आहे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत थांबवली तेव्हा कोणती कामे सरकारांनी स्वतःच्या तिजोरीवर कधीच घेतली नव्हती ते कळले : तरुण मुलींसाठीची केंद्रे, घरोघरी जाणाऱ्या सहकारी कार्यकर्त्या, हिंसाचारग्रस्तांसाठीचे समुपदेशन. गोळ्यांचा पुरवठा कसाबसा सांभाळला गेला. बाकीचे बाहेरच्या पैशावर चालले होते आणि सगळ्यांत आधी तेच बंद पडले.

आता जाब नेमका कुठे विचारायचा? जून २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या महासभेत मंजूर झालेल्या राजकीय जाहीरनाम्यात २०२५ पर्यंतची उद्दिष्टे आकड्यांत लिहिलेली आहेत. प्रजननक्षम वयातल्या ९५ टक्के स्त्रियांच्या एचआयव्ही आणि लैंगिक-प्रजनन आरोग्याच्या गरजा भागवणे हे त्यांतले एक. ती मुदत संपली, म्हणजे उत्तर मागायला आता कुणाची परवानगी नको. ‘सीडॉ’ हा स्त्रियांविरुद्धचा भेदभाव संपवण्याचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारलेल्या देशांना साधारण दर चार वर्षांनी आपला अहवाल समितीपुढे ठेवावा लागतो आणि स्त्रियांच्या संघटना स्वतःचा पर्यायी अहवाल देऊ शकतात. तो लांबलचक नसावा. दोन-तीन मुद्दे, प्रत्येकाखाली एक आकडा आणि समितीने विचारावा असा एक नेमका प्रश्न. समितीचे सदस्य हेच वापरतात, पन्नास पाने कुणी वाचत नाही. एड्स, क्षय व हिवतापाविरुद्धच्या कामाला पैसा देणाऱ्या ग्लोबल फंड या आंतरराष्ट्रीय निधीच्या पैशासाठी देशात जी समन्वय समिती असते तिच्यात निदान ४० टक्के जागा बिगरसरकारी प्रतिनिधींच्या असाव्यात असे अपेक्षित आहे. तिथे एचआयव्हीसह जगणाऱ्या स्त्रिया बसतात का, आणि बैठकीची कागदपत्रे त्यांना त्यांच्या भाषेत बैठकीआधी मिळतात की टेबलावर, हे पाहावे. न्यायालयाचा मार्ग लांबचा आहे, पण निरुपयोगी नाही. दक्षिण आफ्रिकेत सरकारने आईकडून बाळाला होणारा संसर्ग रोखणारे नेव्हिरापिन हे औषध प्रत्येक प्रांतात दोनच केंद्रांपुरते रोखून धरले होते. जुलै २००२ मध्ये घटनात्मक न्यायालयाने ती अडवणूक मोडून काढली. तेव्हा मागणी गरोदर स्त्रियांच्या औषधाची होती. इतर स्त्रियांसाठी तितक्याच जोराचा खटला अजून फारसा कुणी उभा केलेला नाही.

आपल्या वार्ताहरांसाठी एक कामाची गोष्ट. देशांनी यूएनएड्सला दरवर्षी पाठवायच्या माहितीची मुदत साधारण ३१ मार्चची असते. तिच्यातल्या धोरणविषयक प्रश्नावलीचे दोन भाग असतात, ‘अ’ सरकार भरते आणि ‘ब’ नागरी संघटना व इतर संस्था. दोन्हींत काही प्रश्न सारखेच असतात, आणि उत्तरे पुष्कळदा जुळत नाहीत. बातमी तिथे आहे. फेब्रुवारीतच विचारून ठेवावे की ‘ब’ भाग कोण भरणार आहे, त्या बैठकीला स्त्रियांच्या कोणत्या गटांना बोलावले आहे, आणि भरलेला कागद पाठवण्याआधी त्यांना दाखवला जाणार आहे का.

आपले,
स्त्रियांच्या आरोग्याच्या क्षेत्रात काम करणारे काही वाचक